घाडीमामांचं विशेषण

जेवणाच्या सुट्टीत आमच्या ऑफिसच्या छताचा एक पोपडा सुटला आणि बरोबर घाडीमामांच्या सोलकढीत पडला. शिंतोडे त्यांच्या चष्म्यावर उडाले, शर्टावर उडाले, थोडे माझ्या पोळीवरही आले. अशा वेळी कोणीही माणूस काहीतरी बोलतो. निदान उठून उभा तरी राहतो. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वर छताकडे पाहिलं, खाली वाटीकडे पाहिलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात एकच शब्द उच्चारला.

"अर्कसम."

मग चमच्याने पोपडा बाहेर काढला आणि उरलेली सोलकढी पिऊन टाकली.

हा आमच्या मुलुंडच्या पंख्यांच्या कारखान्यातला तक्रार विभाग. चार टेबलं, दोन कपाटं, एक टाइपरायटर. छताला एक पंखा होता, तो दुसऱ्या कंपनीचा होता. रंगीत टीव्ही नुकते घराघरांत यायला लागले होते, त्या काळातली गोष्ट. मी बावीस वर्षांची होते आणि टायपिस्ट होते. लोकांचे पंखे बिघडायचे, ते पत्रं लिहायचे, आणि आपल्या पत्राकडे आम्ही गांभीर्याने लक्ष देत आहोत असं मी त्यांना टाइप करून कळवायची. लक्ष देण्याचं काम प्रत्यक्षात घाडीमामांकडे होतं. ते रेकॉर्ड क्लार्क. त्यांच्याकडे तीन फायली होत्या. 'पंखा आवाज करतो', 'पंखा हळू फिरतो' आणि 'पंखा फिरत नाही'. चौथी एक 'इतर' नावाची फाइल होती. तिच्यात एका गृहस्थांचं, पंखा उत्तम चालतो असं कळवणारं पत्र होतं. त्याचं काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मामा मूळचे मालवणकडचे. पन्नाशीचे, बुटके, कपडे कायम कडक इस्त्रीचे. आधी लालबागला एका मिलमध्ये कापड विणायच्या खात्यात होते. तिथे मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. मिल बंद पडली, आवाज मात्र तसाच राहिला. "बाय, स्टेपलर दे," एवढंच ते माझ्याशी बोलायचे आणि खाली गेटवरचा वॉचमन दचकायचा. बायको फार पूर्वी वारलेली. भांडुपला एका खोलीत एकटेच राहायचे, स्वतः रांधून डबा आणायचे. यापलीकडे त्यांच्याबद्दल आम्हांला काही माहीत नव्हतं, आणि त्यांनीही कधी माहीत होऊ दिलं नाही.

तो शब्द आला अंधेरीच्या एका पारशी बाईंच्या पत्रातून. दोन पानी इंग्रजी पत्र, निळ्या शाईत, सुंदर अक्षरात. त्यांचा पंखा चालता चालता मध्येच 'टिक' असा आवाज करायचा. किती वेळाने करेल याचा नेम नव्हता. ही परिस्थिती, बाईंनी लिहिलं होतं, अत्यंत अमुक आहे. त्या अमुकच्या जागी तो शब्द होता.

मामा पत्र घेऊन माझ्याकडे आले. "बाय, ह्या इर्कसोमे म्हणजे काय गो?"

माझं इंग्रजी मुलुंडच्या मराठी शाळेतलं. तरी मी धीर करून सांगितलं की उच्चार बहुधा अर्कसम असावा, आणि अर्थ आपण साहेबांच्या डिक्शनरीत बघू.

आमचे साहेब म्हणजे कुलकर्णी. त्यांना इंग्रजीचा तिटकारा आणि संस्कृतचं वेड. तक्रार विभागात ते कसे आले हीच एक तक्रार होती. त्यांनी डिक्शनरी काढून दिली, पण उघडण्याआधीच म्हणाले, "डिक्शनरी कशाला हवी? अर्क म्हणजे सूर्य. सम म्हणजे समान. अर्कसम, सूर्यासारखा. बाई पंख्याची स्तुती करतायत."

"साहेब, बाईंना पंखा बदलून हवाय," मी म्हटलं.

"तेजस्वी वस्तू सोसत नाहीत सगळ्यांना," कुलकर्णी म्हणाले आणि पुन्हा ट्रान्झिस्टरला कान लावून बसले. कसोटी सामना चालू होता.

डिक्शनरीत दोन अर्थ दिले होते. कंटाळवाणे आणि त्रासदायक. मामांना एकही पटला नाही.

"कंटाळा आला असता तर बाईने दोन पानं लिहिली नसती. आणि त्रासदायक म्हणजे दाढदुखी. दाढ दुखणारा माणूस एवढं चांगलं अक्षर काढील काय?"

"मग काय अर्थ असेल?"

"ते आवाज ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

मला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी मामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलुंडहून अंधेरीला, त्या बाईंच्या घरी गेले. दुरुस्तीसाठी नाही. पंख्याचं त्यांना काही कळत नव्हतं. ते शब्द समजून घ्यायला गेले होते.

नंतर त्यांनी मला सगळं सांगितलं. बाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. दारात कंपनीचा माणूस बघून आधी बिचकल्या. मग मामांनी सांगितलं की पंखा ऐकायचाय. बाईंनी खुर्ची दिली. स्वतः समोरच्या आरामखुर्चीत बसल्या. पंखा लावला. दोघंही गप्प बसून वर बघत राहिले. बाईंनी मध्ये पुदिना घातलेला चहा केला. असे दोन तास गेले.

"मग?" मी विचारलं.

"टिक होतं गो बाय. अगदी बारीक. त्याचा काय त्रास नाही. पण एकदा टिक झालं की आपण दुसऱ्या टिकची वाट बघत बसतो. आता होईल, मग होईल. झालं तर वाटतं, झालं का परत! नाही झालं तर वाटतं, अजून कसं नाही झालं? ते वाट बघणं आहे ना, ते अर्कसम."

मी त्या दिवसापर्यंत शेकडो पत्रं टाइप केली होती. एखाद्या शब्दासाठी कोणी दोन गाड्या आणि एक बस बदलून गेल्याचं ऐकलं नव्हतं.

बाईंना पाठवायच्या उत्तराचा मजकूर नेहमीचाच होता. पण मी टाइप करत असताना मामा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एक ओळ घाल. आपला पंखा अर्कसम आहे, हे आम्हांस मान्य आहे." मी म्हटलं, मामा, असं कोणी लिहितं का? ते म्हणाले, "खरं आहे ना? मग लिही." मी लिहिलं. कुलकर्णींनी न वाचता सही केली, कारण तेवढ्यात आपली शेवटची जोडी खेळायला आली होती.

पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांकडून मेमो आला. कंपनीचा पंखा सदोष असल्याची लेखी कबुली कोणाच्या आदेशाने देण्यात आली, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. कुलकर्णींचा चेहरा पांढरा पडला. मामांनी शांतपणे कागद घेतला आणि खुलासा लिहिला. "पंखा मी स्वतः ऐकला आहे. कळावे."

नोकरी जाणार असं आम्ही धरून चाललो होतो. मी तर दोन दिवस जेवले नाही, कारण टाइप मीच केलं होतं. तिसऱ्या दिवशी पारशी बाईंचं दुसरं पत्र आलं. मी या कंपनीला आजवर अनेक पत्रं लिहिली, त्यांनी म्हटलं होतं, पण माझं म्हणणं बरोबर आहे असं मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. आता पंखा बदलू नये. आपल्या माणसाला कधी वेळ असेल तर चहाला पाठवावे.

कुलकर्णींनी ते पत्र मेमोला टाचणीने जोडून वर पाठवून दिलं. तक्रार मिटल्याची आमच्या विभागातली ती पहिली नोंद. मेमोचं पुढे काही झालं नाही.

तेव्हापासून तो शब्द मामांचा झाला. पण मामा तो वाटेल तिथे वापरत नसत, हे लक्षात घ्यायला हवं. आम्हीच वापरायचो आणि चुकायचो. तीन दिवस नळाला पाणी आलं नाही तेव्हा मी म्हटलं, किती अर्कसम! मामांनी मान हलवली. "तीन दिवस पाणी नाही ही आपत्ती. अंगाला साबण लावल्यावर पाणी जाणं, ते अर्कसम." बसला उशीर होणं अर्कसम नव्हतं. दोन बस एकामागोमाग येऊन दोन्ही न थांबता जाणं अर्कसम. टाइपरायटरची 'ई' अडकणं अर्कसम, टाइपरायटर पडून मोडणं हे नव्हे. छत्री हरवली तर ते नुकसान. उघडलेली छत्री बंद न होणं अर्कसम, आणि अशी एक छत्री घेऊन ते एकदा खरोखरच दारातून तिरके होत ऑफिसात शिरले होते. दिवसभर ती फायलींच्या कपाटावर उघडीच बसली होती.

आणि एक नियम त्यांनी कधीच मोडू दिला नाही. आमच्यातला चौथा, सामंत म्हणून एक उमदा पोरगेला क्लार्क होता. तो एकदा कुलकर्णी बाहेर गेल्यावर म्हणाला, "यार, आपला साहेब पण ना, एकदम अर्कसम माणूस आहे."

मामांनी फाइल मिटली. "माणूस नाही."

"म्हणजे?"

"माणसाला तो शब्द लावायचा नाही. परिस्थिती अर्कसम असते. माणूस त्यात असतो, एवढंच."

"पण डिक्शनरीत..."

"डिक्शनरीत काय असेल ते असू दे. माणसाला लावायचा नाही." मामांचा आवाज नेहमीच मोठा असायचा, त्या दिवशी तो बारीक झाला होता. सामंतने विषय बदलला.

एकदा तर सामंत माझ्याच बाबतीत चुकला. माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी पोस्टकार्डावर कळवलं, त्यामुळे आमच्या घराआधी ते पोस्टमनला समजलं. मी दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी कामावर आले. कोणी काय बोलावं कळेना. सामंतला वाटलं, मामांच्या शब्दाने काम होईल. "फारच अर्कसम झालं हो," तो म्हणाला.

"गप बस," मामा म्हणाले. "ह्याला शब्द नाही."

मग ते माझ्या टेबलापाशी आले, टाइप करायच्या कागदांचा गठ्ठा उचलला आणि 'इतर' फायलीत घालून टाकला. कुलकर्णींना सांगितलं, "साहेब, आज टाइपिंग होणार नाही. रिबन तुटली आहे." रिबन तुटली नव्हती. म्हणून मग त्यांनी ती तोडली. मी दिवसभर खिडकीबाहेर बघत बसले आणि मला कोणी काही विचारलं नाही. त्या दिवसाबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर त्यांना आवडलं नसतं.

दरवर्षी आमच्या ऑफिसची पिकनिक निघायची. हिशोब आणि पॅकिंगवाले धरून वीसेक माणसं. मामा कधीच यायचे नाहीत. "रविवारी मला काम असतं," म्हणायचे. काय काम, ते सांगायचे नाहीत. त्या वर्षी मनोरीला जायचं ठरलं. मालाडहून बसने मार्वेच्या धक्क्यावर, तिथून होडीने खाडीपलीकडे. नोटीस बोर्डावर जागेचं नाव लागलं तेव्हा मामा बराच वेळ बोर्डासमोर उभे होते. मग वळून मला म्हणाले, "दुसरी जागा नाही मिळाली काय गो? एवढी मुंबई पडली आहे." मी म्हटलं, तुम्ही कुठे येणार आहात? "तेही खरंच," ते म्हणाले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही मार्वेला बसमधून उतरलो. धक्क्याच्या कठड्यावर, होडीच्या रांगेपासून जरा बाजूला, घाडीमामा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीची पँट, मांडीवर कापडी पिशवी, तोंडासमोर वर्तमानपत्र.

"मामा! आलात की!" सामंत ओरडला.

मामा एवढे दचकले की पेपर खाली पडला. "मी पिकनिकला नाही आलो," ते घाईघाईने म्हणाले. "मी इथे आपला... बसलो आहे."

तिकिटं फाडणारा माणूस हसला. "तुमच्यातले काय हे? दर रविवारी येतात. दोन वर्षं तरी झाली. चार होड्या सोडतात, मग उठून जातात."

सगळे मामांकडे बघायला लागले. मामा खाडीकडे बघायला लागले. मी सामंतला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी मागच्या होडीने येते. त्याने एकदा आमच्याकडे बघून घेतलं आणि सगळ्यांना होडीत चढवलं. होडी गेली. मी कठड्यावर मामांच्या शेजारी बसले. काही विचारलं नाही. त्यांनी कधी मला विचारलं नव्हतं.

ते आपणहून बोलायला लागले.

"माझो झिल थंय रवता," ते म्हणाले. ऑफिसात ते असं घरचं बोलायचे नाहीत. मग माझ्याकडे बघून पुन्हा माझ्या मराठीवर आले. "मुलगा. सुरेश. पलीकडे असतो, बायकोच्या माहेरी. होडीवर जातो मासे मारायला. मालाडच्या एका कारखान्यात होता, तिथेच ती पॅकिंगला होती. रजनी. कोळ्यांची. मला सांगितलं, हिच्याशी लग्न करतो. तेव्हा मिल बंद पडलेली, मी घरात बसून. तिला घेऊन आला चाळीत, भेटवायला. ती खाली अंगणात उभी होती आणि मी वर गॅलरीत."

"मग?"

"आमच्यात शिव्या देतात गो. भावाला हाक मारायची तरी शिवी घालून मारतात. त्यात राग नसतो, ती बोलायची तऱ्हा. मिलमध्ये माझ्यासारख्या शिव्या कोणाला येत नव्हत्या. लोक ऐकायला यायचे. पण त्या दिवशी राग होता. ती, तिची आई, तिची जात, कोणाला सोडलं नाही. आणि हा आवाज. अख्खी चाळ बाहेर आली. ती पोरगी खाली मान घालून सगळं ऐकत होती. सुरेश आत गेला, बॅग घेतली, तिला घेऊन गेला."

खाडीत पाणी चढत होतं. पलीकडून होडी निघाली होती, ती हळूहळू मोठी व्हायला लागली.

"त्यानंतर शिवी नाही दिली मी. एक नाही. पण बाय, तोंडाला काहीतरी लागतं. ठेच लागते, गाडी चुकते, भात करपतो. माणसाने म्हणायचं तरी काय? मग ते पारशी बाईचं पत्र आलं. दोन पानं नुसता राग. आणि त्यात कोणाची आई नाही, कोणाची बहीण नाही. एकच शब्द. मी म्हटलं, हा शब्द मला चाळीत उभा असताना ठाऊक पाहिजे होता."

मला एकदम अंधेरीची ती खोली दिसली, दोन तास वर बघत बसलेली ती दोन माणसं. ऑफिसात आम्ही समजत होतो की मामा इंग्रजी मिरवतात.

"मग होडीत का नाही बसत?" मी विचारलं.

"होडीत बसलं की पलीकडे उतरावं लागतं."

मी पलीकडून येणाऱ्या होडीकडे पाहिलं.

"रजनी दिसते मला," ते पुढे म्हणाले. "सकाळची मासळी विकून परत जाते ना, ह्याच धक्क्यावरून. मी पेपर धरतो तोंडापुढे. पहिल्यांदा दिसली तेव्हा एकटी होती. मग पोटुशी दिसली. मग चार महिने दिसलीच नाही. चार महिने, बाय. काय झालं असेल, बरं झालं की वाईट, विचारू कोणाला? मग एका रविवारी आली, कडेवर पोर घेऊन. मुलगी आहे. आता दीड वर्षाची झाली असेल." ते थांबले आणि एकदम पेपर उचलून त्यांनी तोंडापुढे धरला. "ती बघ. आलीच."

बसच्या बाजूने एक कोळीण येत होती. चोवीस-पंचवीसची, उंच, ठसठशीत. एका कडेवर मुलगी, दुसऱ्या हातात मासळीची रिकामी पाटी. ती होडीच्या रांगेकडे वळली नाही. सरळ आमच्याकडे आली आणि मामांच्या समोर उभी राहिली.

"पेपर उलटा धरलाव," ती म्हणाली.

मामांनी पेपर सुलटा केला. पण खाली घेतला नाही.

"दर येळी उलटाच धरता. दोन वरसं बघते मी. म्हटलं, आज उठतील, उद्या उठतील."

पेपर सावकाश खाली आला. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज असलेला तो माणूस ओठ हलवत होता आणि मला, शेजारी बसून, काही ऐकू येत नव्हतं. शेवटी एवढंच ऐकू आलं, "तू ओळखलंस मला?"

"तर! एकदा ऐकलेला मानूस मी इसरते काय?" रजनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माया होती असंही मी म्हणणार नाही. राहिलेलं काम उरकून टाकायला आलेलं माणूस जसं दिसतं तशी ती दिसत होती.

"सुरेशला ठाऊक आहे?" मामांनी विचारलं. "मी इथे येतो ते?"

"मीच सांगितलं त्याला. तो पन उभा रातो पलीकरं, दर आयतवारी. एवढ्या लांबनं तुमी काय दिसत नाय. पन उभा रातो."

मामा पलीकडे बघायला लागले. तिथे किनारा होता, नांगरलेल्या होड्या होत्या, माणसांचे ठिपके होते. त्यातला कोणता सुरेश, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

"त्या दिवशी मी..." मामा सुरू झाले. "मी तुला, तुझ्या आईला..."

"ते आईला सांगा. ती सोडनार नाय तुमाला, मी आधीच सांगून ठेवते. ती पन कमी नाय शिव्यांना." रजनीने रिकामी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "धरा ही. मना पोर सांभालायचीय. चला, होडी लागली."

मांडीवर पाटी आली म्हणजे ती धरावी लागते, आणि जिची पाटी ती चालायला लागली म्हणजे तिच्या मागे जावं लागतं. मामा उठले. मी त्यांची कापडी पिशवी उचलली. आत भाजलेल्या शेंगदाण्यांचे लाडू होते, वर्तमानपत्रात बांधलेले. दर रविवारी ते असेच करून आणत असतील आणि संध्याकाळी भांडुपला एकटेच खात असतील.

होडीत मामा माझ्या आणि रजनीच्या मध्ये बसले. पाटीतलं मासळीचं पाणी त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर गळत होतं. त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनीही एकदा तिच्याकडे बघितलं, पण लगेच नजर काढून घेतली, जणू परवानगी नव्हती. खाडी ओलांडायला पाच-सात मिनिटं लागतात.

मनोरीच्या बाजूला पाण्याच्या अगदी कडेला एक काळासावळा तरुण उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. होडी जवळ आली तसा तो एक पाऊल मागे सरकला, मग दोन पावलं पुढे आला. बुटका बांधा, रुंद कपाळ. कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

आधी रजनी उतरली. मग मी. मामा पाटी घेऊन उतरायला लागले आणि होडी हलली. सुरेश झटकन पाण्यात शिरला. त्याने मामांना हात दिला नाही, पाटीचा काठ पकडला. मामांनी दुसरा काठ पकडलेला होता. त्या आधाराने ते पाण्यात उतरले आणि दोघं समोरासमोर उभे राहिले, मध्ये पाटी.

"सोडा," सुरेश म्हणाला. "ओली आहे. कपडे खराब होतील तुमचे."

"होऊंदेत," मामा म्हणाले.

सुरेशने पाटी आपल्याकडे ओढून बघितली. मामांनी सोडली नाही. मग त्यानेही ओढणं थांबवलं. आमच्या पिकनिकची मंडळी जरा पुढे माडांखाली सतरंजी पसरत होती. सामंत आम्हांला हाक मारणार होता, मी त्याला हातानेच थांबवलं.

"घर वर आहे," सुरेश म्हणाला.

"चल," मामा म्हणाले.

आणि ते निघाले. पाटी रिकामी होती, एका हाताने सहज नेता आली असती. तरी दोघांनी दोन बाजूंनी धरली होती आणि वाळूतून वर चालले होते. पाण्यातून निघताना पाटी फिरली होती आणि पुढच्या बाजूला मामा आले होते. त्यांना वळून, सुरेशकडे पाठ करून चालायला हवं होतं, पण ते वळले नाहीत. तसेच उलटे, एकेक पाऊल मागे टाकत चालत राहिले. वाळत घातलेलं जाळं त्यांच्या पायात आलं, ते अडखळले, सावरले. सुरेश थांबला, मग पुन्हा चालायला लागला.

"अवो, पुढं बघा!" मागून मुलीला घेऊन चाललेली रजनी ओरडली. "दगड हाय तिथं!"

"बघतोय," मामा म्हणाले. मान काही त्यांनी वळवली नाही.